एक खोली, दोन वये

वसई, प्रतिनिधी : टू बीएचके सदनिकेच्या नकाशात एक चौकोन ‘मुलांची खोली’ म्हणून दाखविलेला असतो. मूल एकच असेल, तर त्या चौकोनाची मांडणी फारशी अवघड नसते. परंतु चार वर्षांची धाकटी आणि अकरा वर्षांचा दादा, किंवा पहिलीत शिकणारा धाकटा आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली ताई, अशी भावंडे एकाच खोलीत राहू लागली की खऱ्या अडचणींना प्रारंभ होतो. एकाची झोपेची वेळ ही दुसऱ्याची अभ्यासाची वेळ असते. एकाचे खेळणे दुसऱ्याला अडगळ वाटते. आणि थोरल्याच्या हाताशी असलेली कात्री, कर्कटक किंवा घड्याळाचा बारीक सेल धाकट्याच्या जिवावर बेतू शकतो.

वसई-विरार परिसरात हा प्रश्न घरोघरी भेटतो. मुंबईतील जागांचे भाव न परवडल्याने पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत आलेल्या मध्यमवर्गाने वसई, नालासोपारा व विरार येथे आपले संसार थाटले. चार नगरपालिका आणि परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक नोंदली गेली. येथील इमारतींमध्ये वन बीएचके आणि लहान टू बीएचके सदनिकांचाच भरणा अधिक आहे. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर रोज लोकलने कापणारे आई-वडील पहाटे घर सोडतात आणि रात्री परततात. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ भावंडे त्या खोलीत मोठ्यांच्या नजरेआड असतात, ही गोष्ट मांडणी करताना सर्वप्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

अशा वेळी खोलीचे दोन समान भाग करून देण्याचा मोह पालकांना होतो. अर्धी भिंत तुझी, अर्धी याची, हा न्याय दिसावयास सोपा असला तरी व्यवहारात तो टिकत नाही. कारण धाकट्याची गरज सुरक्षिततेची आणि निवांत झोपेची असते, तर थोरल्याची अभ्यासाची आणि एकांताची. म्हणून खोली उभी न वाटता आडवी वाटावी. जमिनीपासून थोरल्याच्या छातीच्या उंचीपर्यंतचा भाग धाकट्याच्या सुरक्षिततेच्या नियमाने आणि त्यावरचा भाग थोरल्याच्या गरजेने मांडावा. तसेच ही वाटणी कायमची न समजता दर तीन-चार वर्षांनी नव्याने करावी.

माजघराकडून मुलांच्या खोलीकडे

मुलांना स्वतंत्र खोली असावी, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडचीच. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायती गावांत असोत वा कोकणातील अन्य भागांत, जुन्या घरांमध्ये ओटी, माजघर, पडवी आणि माळा अशी रचना असे. माजघरात एका रांगेत गोधड्या अंथरल्या जात आणि सर्व वयांची मुले तेथेच झोपत. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या कोपऱ्यात गेल्या की तेच माजघर दिवसाच्या कामांना मोकळे होई. मुंबईच्या चाळींनीही हीच पद्धत चालविली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. तेव्हा भावंडांनी एक खोली वाटून घेणे म्हणजे मुलांची आबाळ होय, असे मानण्याचे कारण नाही.

जुन्या पद्धतीतील एक शहाणपण मात्र आजच्या सदनिकांतून हरवले आहे. रात्रीची वस्तू दिवसा आवरली जात असे. आज पलंग, टेबल आणि कपाट चोवीस तास जागा अडवून बसतात आणि मुलांना चालावयासही वाट उरत नाही. लहान खोली सजविण्याची सुरुवात नव्या वस्तू आणण्यापेक्षा कोणती वस्तू दिवसा दिसू नये, या विचाराने करणे अधिक श्रेयस्कर ठरते.

आधी मोजमाप, मग खरेदी

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दोन खोल्यांच्या घरात एक खोली किमान साडेनऊ चौरस मीटर आणि दुसरी किमान साडेसात चौरस मीटर असावी, तसेच छताची उंची किमान २.७५ मीटर असावी. फुटांत सांगावयाचे तर मोठी खोली सुमारे १०२ चौरस फूट, लहान खोली सुमारे ८१ चौरस फूट आणि उंची नऊ फूट. आपल्याकडे सर्रास आढळणारी दहा बाय दहाची खोली या दोहोंच्या मध्ये बसते.

आता या शंभर चौरस फुटांचा हिशेब मांडून पाहावा. सहा फूट बाय तीन फूट मापाचे दोन पलंग ३६ चौरस फूट जागा घेतात. चार फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाटाला आठ, तर चार फूट बाय दीड फुटाच्या टेबलाला सहा चौरस फूट लागतात. दार उघडण्यासाठी आणखी सहा चौरस फूट मोकळे ठेवावेच लागतात. म्हणजे खेळण्यास, चालण्यास व खुर्ची मागे सरकविण्यास उरतात अवघे ४४ चौरस फूट, तेही सलग नाहीत. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी वर्तमानपत्राचे कागद त्या त्या मापाचे कापून जमिनीवर पसरावेत आणि दोन दिवस मुलांना त्यांभोवती वावरू द्यावे. कोणती वस्तू अडते, हे त्यावरून आपोआप कळते.

दुमजली पलंग आणि छताचा पंखा

जागा वाचविण्यासाठी बहुतेक पालकांच्या मनात प्रथम येतो तो बंक बेड, अर्थात दुमजली पलंग. तो एका झटक्यात १८ चौरस फूट जागा मोकळी करतो आणि मुलांनाही आवडतो. परंतु नऊ फूट उंचीच्या आपल्या खोल्यांत त्याचा विचार छताच्या पंख्यासह करणे अत्यावश्यक आहे.

नेहमीच्या मोठ्या पंख्याच्या पात्यांचा घेर ४८ इंच, म्हणजे चार फूट असतो. दहा फूट रुंद खोलीच्या मधोमध तो लावलेला असेल, तर पात्यांचे टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरते. भिंतीला लावलेल्या पलंगाची रुंदीही तीन फूटच. म्हणजे पलंगाची कड आणि पात्याचे टोक यांत आडवे अंतर शून्य राहते. वरच्या गादीची उंची साधारणतः पाच फूट धरली, तर तेथे बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे डोके सात फुटांच्या वर जाते. त्याने हात उंचावला किंवा ते मूल उभे राहिले, की ते थेट पंख्याच्या पातळीत पोहोचते. ज्या विदेशी माहितीपत्रकांतून हे पलंग आपण पाहतो, तेथील खोल्यांत बहुधा छताचा पंखाच नसतो, हे विसरून चालणार नाही.

बंक बेड घ्यावयाचाच असेल, तर मधला पंखा काढून त्याजागी पलंगापासून दूरच्या भिंतीवर जाळीचा पंखा लावावा. वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये, असा अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाचा दंडक आहे. तेथील नियमानुसार वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान पाच इंच उंच असावा आणि त्यातील फटी साडेतीन इंचांहून अधिक नसाव्यात. भिंतीकडील बाजूसही कठडा हवा, कारण भिंत व पलंग यांच्या फटीत लहान मूल अडकू शकते. सुताराकडून पलंग बनवून घेताना ही मापे त्याला कागदावर लिहून द्यावीत. गादी नंतर बदलून जाड घेतली, तर कठड्याची उंची तेवढ्याने कमी होते, याचेही भान ठेवावे.

ओढून काढावयाचा पलंग

दोन भावंडांत धाकटे सहा वर्षांखालील असेल, तर बंक बेडपेक्षा ओढून काढता येणारा पलंग अधिक सोयीचा. यात मुख्य पलंगाखाली चाके असलेला दुसरा बुटका पलंग सरकविलेला असतो. दहा फुटांच्या खोलीत तीन फूट वरच्या आणि तीन फूट खालच्या पलंगाला गेले, तरी चार फूट उरतात. समोरच्या भिंतीला दीड फुटाचे टेबल लावले तरी रात्रीही अडीच फुटांची वाट मोकळी राहते आणि दिवसा तर साडेपाच फूट रुंदीचा पट्टा खेळावयास मिळतो. खालचा पलंग जमिनीलगत असल्याने धाकटे मूल झोपेत पडले तरी इजा होण्याचा संभव कमी असतो. वळकटीचेच हे नवे रूप म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या पलंगाचा एक दोष असा की बंद कप्प्यातील गादीला वारा लागत नाही. आठवड्यातून एकदा ती बाहेर काढून उन्हात घालावी. पावसाळ्यात ऊन नसेल, तर निदान दोन तास पंख्याखाली उभी करून ठेवावी.

खिडकी, कपाट आणि विजेची बटणे

खिडकीबाहेर आलेली लोखंडी पिंजऱ्यासारखी जाळी हे आपल्या इमारतींचे नेहमीचे दृश्य. या जाळीत कुंड्या, सायकली आणि जुनी खेळणी ठेवली जातात, आणि लहान मूल त्यांचा पायरीसारखा उपयोग करते. जाळीच्या दोन गजांमधील अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे आणि तळाचे पत्रे गंजले आहेत का, हे दर पावसाळ्यानंतर तपासावे. आग लागल्यास बाहेर पडता यावे म्हणून जाळीला कुलूपबंद झडप ठेवावी. तिची किल्ली मोठ्यांना चटकन सापडेल, पण धाकट्याच्या हाती लागणार नाही, अशा ठरावीक जागी टांगावी. घरात पाच वर्षांखालील मूल असेपर्यंत खिडकीखाली पलंग, टेबल किंवा पेटी ठेवू नये. खिडकीच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्याही लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतात, त्या वर गुंडाळून ठेवाव्यात.

उंच कपाट किंवा खणांची मांडणी भिंतीला लोखंडी कोनाने पक्की करणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत मोलाचा उपाय होय. लहान मुले उघड्या खणांवर पाय देऊन वर चढतात आणि कपाट त्यांच्या अंगावर येते. तळाच्या खणांत जड वस्तू व वर हलक्या वस्तू ठेवल्यास हा धोका आणखी कमी होतो. धाकट्याची खेळणी व कपडे खालच्या उघड्या खणांत असावेत, म्हणजे ते मिळविण्यासाठी त्याला चढावे लागत नाही. थोरल्याची कंपासपेटी, ब्लेड, रंगांच्या बाटल्या, गोट्या आणि बटणासारखे चपटे सेल मात्र वरच्या बंद खणात हवेत. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. तशी शंका आली तरी मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

विजेच्या खालच्या सॉकेटना झाकण असलेले प्रकार निवडावेत आणि घराच्या मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यावे.

झोप आणि अभ्यास

खोलीच्या मांडणीत वेळापत्रकाचा वाटा फर्निचरइतकाच असतो. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. लोकलने उशिरा परतणाऱ्या आई-वडिलांच्या घरात जेवणेच रात्री साडेनऊला होतात आणि सकाळच्या शाळेसाठी सहाला उठावे लागते. त्यात थोरल्याचा दिवा अकरापर्यंत जळत राहिला, तर सर्वाधिक झोप बुडते ती धाकट्याची.

यावर उपाय असा की, अभ्यासाचे टेबल पलंगांच्या विरुद्ध भिंतीला लावावे आणि दिव्याची झोत पाडणारी टोपी भिंतीकडे व खाली वळवावी. मधला मोठा दिवा नऊनंतर लावू नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला प्रकाश डावीकडून आणि डावखुऱ्याला उजवीकडून मिळावा. पाठांतर मोठ्याने करणाऱ्या मुलाला रात्री बाहेरच्या खोलीत जागा द्यावी, पण मग तेथील दूरदर्शन संच त्या वेळेत बंद राहील, हे घरातील सर्वांनी पाळावे लागते. दहावी-बारावीच्या वर्षात तर हा करार कागदावर लिहून दारामागे लावण्यासही हरकत नाही.

पडदा, कुलूप आणि एकांत

मोठ्या होत असलेल्या मुलाला एकांत हवा असतो, आणि तो मागणे म्हणजे धाकट्याचा दुस्वास करणे नव्हे. ही गोष्ट पालकांनी समजून घेतली नाही, तर खोलीचे भांडण मनात उतरते. वह्या, रोजनिशी आणि खाजगी वस्तूंसाठी थोरल्याला कुलूप लागणारा एक खण द्यावा. तो खण धाकट्याने उघडला तर तो अपराध मानावा आणि पालकांनी उघडला तरी तोच न्याय असावा.

प्लायवूडची आडभिंत घालून खोली दुभंगण्याची कल्पना मात्र शक्यतो टाळावी. खिडकी बहुधा एकच असल्याने एका बाजूची हवा व उजेड बंद होतो, आणि दमट हवामानात ती बाजू कुबट होते. त्याऐवजी छताच्या पट्टीवर सरकणारा जाड सुती पडदा लावावा. तो पंख्यापासून दूर, केवळ थोरल्याच्या पलंगाभोवती फिरेल इतकाच असावा. दिवसा पडदा सारला की खोली पुन्हा एक होते.

बहीण-भाऊ एकाच खोलीत असतील, तर दहा वर्षांच्या सुमारास वेगळी व्यवस्था करण्याचा विचार सुरू करावा. ब्रिटनच्या १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात दहा वा अधिक वर्षांच्या भिन्नलिंगी व्यक्तींना एका खोलीत झोपावे लागत असेल, तर ते घर अपुरे समजले जाते. यातून विवाहित किंवा जोडप्याने राहणाऱ्यांना वगळले आहे. कॅनडाच्या मानकात तर ही वयोमर्यादा पाच वर्षांची आहे. आपल्याकडील घरांत दरवेळी तेवढ्या खोल्या नसतात. अशा वेळी मुलगी आजीसोबत आतल्या खोलीत आणि मुलगा बाहेरच्या खोलीतील सोफा-कम-बेडवर, अशी रात्रीपुरती अदलाबदल करता येते. तेही शक्य नसेल, तर कपडे बदलण्यासाठी आतून कडी लागणारी जागा आणि दार ठोठावूनच आत येण्याची शिस्त, या दोन गोष्टी तरी मिळावयास हव्यात. खोलीची आतली कडी मात्र धाकट्याच्या हाताला येणार नाही एवढ्या उंचीवर असावी. लहान मुले आत कोंडून घेतात आणि मग दार तोडण्याची वेळ येते.

रंग, ओल आणि पावसाळा

समुद्रकिनाऱ्याजवळच्या आपल्या भागात चार महिने पाऊस आणि वर्षभर दमट हवा असते. पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर रंगकामाआधी गळती थांबवावी, अन्यथा नवा रंग एका पावसाळ्यात पोपडे धरतो. मुलाची उशी अशा भिंतीला टेकू देऊ नये आणि कपाटही भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवावे. ते पक्के करण्याचा कोन तेवढ्या लांबीचा घ्यावा. फर्निचरसाठी साध्या एमआर प्रतीऐवजी बीडब्ल्यूआर प्रतीचे प्लायवूड निवडावे आणि त्यावरील भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा.

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नवा रंग घेताना डब्यावर तशी नोंद पाहावी. त्यापूर्वीचा रंग खरवडताना मुलांना घराबाहेर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते.

सजावटीच्या बाबतीत भिंती फिकट व एकाच रंगाच्या ठेवून आवड-निवडीला चादरी, अभ्रे आणि पडदे यांत वाव द्यावा. कार्टूनची चित्रे असलेला वॉलपेपर धाकट्याला आज आवडेल, परंतु थोरल्याला त्याचा आजच संकोच वाटेल आणि दमट हवेत त्याच्या कडाही सुटतील. त्यापेक्षा प्रत्येकाला दोन फूट बाय तीन फुटांचा स्वतंत्र फलक द्यावा. धाकट्याच्या फलकावर टाचण्या नकोत, तेथे चिकटपट्टी वापरावी. त्या फलकावर काय लावायचे, हे मात्र पूर्णतः ज्याचे त्याने ठरवावे.

भाड्याचे घर, तळमजल्याचे घर

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबांना भिंतीत खिळे ठोकण्याची वा बसके फर्निचर करण्याची मुभा नसते. त्यांनी सुटे होणारे पलंग, चाकांची खणपेटी आणि घडीचे टेबल यांवर भर द्यावा. कपाट भिंतीला पक्के करण्यासाठी लागणाऱ्या दोन छिद्रांची परवानगी मात्र घरमालकाकडून आवर्जून मागावी, आणि ती न मिळाल्यास मुलांच्या खोलीत उंच कपाट ठेवूच नये.

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरारच्या सखल भागांतील घरांत पाणी शिरले होते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी म्हणूनच पलंगाखालील खणांत पुस्तके, दप्तरे आणि शाळेचे दाखले ठेवू नयेत. तेथे प्लास्टिकची खेळणी ठेवावीत. विजेचे सॉकेटही शक्य तेवढे उंचावर घ्यावेत.

वयाप्रमाणे फेरमांडणी

धाकटे दोन वर्षांचे आणि थोरले नऊचे असताना खोलीवर सुरक्षिततेचे राज्य असावे, म्हणजे बुटके पलंग, मोकळी जमीन आणि बंद वरचे खण. धाकटे सहा आणि थोरले तेरा वर्षांचे झाले, की दिवा, टेबल आणि पडदा यांना महत्त्व येते. धाकटे दहा आणि थोरले सतराचे झाल्यावर दोघांनाही अभ्यासाची जागा लागते. तेव्हा खेळण्यांचे खण काढून तेथे दुसरे टेबल बसवावे. बारावीनंतर थोरले शिक्षणासाठी बाहेरगावी गेले, तर त्याचा कुलपाचा खण तसाच राखावा. सुटीत परतणाऱ्या मुलाला आपली जागा अजून आहे, हे त्यातून समजते.

प्रत्येक फेरमांडणी शाळेच्या उन्हाळी सुटीत करावी आणि मोजपट्टीचे एक टोक थोरल्याच्या, तर दुसरे धाकट्याच्या हाती द्यावे. आपल्या वाट्याला काय आले आणि का आले, हे मापांतून कळले की कमी जागा मिळालेले मूलही सहसा तक्रार करीत नाही.